प्रिंटर ओळख का विचारतो?

रत्नागिरी शहरातून भाट्ये खाडीवरचा पूल ओलांडला की एकीकडे सुरूचे बन आणि समुद्र लागतो, दुसरीकडे माडांच्या बागा. १९५५ साली सुरू झालेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र इथल्याच भाट्ये गावातले. आज ते दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. गाव लहान आहे, पण अशा गावांतून रोज निघणारे कागद थोडे नसतात. ग्रामपंचायतीतून रहिवासी दाखले आणि घरपट्टीच्या पावत्या निघतात, सोसायटीतून कर्जखात्यांचे उतारे, शाळेतून दाखले आणि निकालपत्रके, हॉटेलांतून पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या प्रती, कृषी कार्यालयांतून शेतकऱ्यांच्या याद्या. बहुतेक कार्यालयांत हे सारे कोपऱ्यातल्या एकाच यंत्रातून बाहेर पडते. लॅनवर किंवा वायफायवर जोडलेला हा प्रिंटर जोवर कुणालाही काही न विचारता छापतो, तोवर त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. एखाद्या सकाळी तो पासवर्ड मागू लागतो, परवानगी नाही म्हणून काम परत पाठवतो, आणि सगळ्यांचा खोळंबा होतो. त्या घाईत घेतला जाणारा निर्णय बहुधा ठरलेला असतो: ही ओळख विचारण्याची भानगडच बंद करून टाका. हा निर्णय चुकीचा आहे आणि तो टाळणे लहान कार्यालयालाही परवडते, असे माझे म्हणणे आहे. अडलेला प्रिंटर दुरुस्त करायचा म्हणजे ओळख कोणत्या पायरीवर पटली नाही ते शोधायचे. ती पायरीच उखडून टाकली तर छपाई सुरू होते, पण बिघाड तसाच राहतो आणि आता तो दिसेनासाही होतो.

हे पटण्यासाठी आधी प्रिंटर म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. नेटवर्कवर जोडलेला प्रिंटर हा एक संगणकच आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, मेमरी असते, स्वतःचा आयपी अॅड्रेस असतो, सेटिंग बदलण्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारे पान असते, आणि मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये तर हार्ड डिस्कही असते. छापायला किंवा स्कॅन करायला आलेल्या मजकुराची प्रत तिच्यावर राहू शकते. अमेरिकेतल्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याने घेतलेली कॉपियर मशीन्स डिस्क न पुसता परत केली. एका दूरचित्रवाहिनीने त्यांतले एक विकत घेऊन उघडले तेव्हा आत रुग्णांची माहिती सापडली, आणि २०१३ साली त्या संस्थेला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. दुसरी बाजू छपाईच्या मार्गाची. आजही असंख्य प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर काम स्वीकारतात. या जुन्या पद्धतीत ओळख विचारण्याची सोयच नाही. त्या पोर्टवर जे येईल ते छापायचे, एवढाच तिचा नियम. कार्यालयात दोन-चार विश्वासू माणसे आणि एकच केबल होती तेव्हा तो नियम चालून गेला. आता त्याच राउटरवर पाहुण्यांचे मोबाइल, सीसीटीव्ही आणि बाहेरचे इंटरनेट असते, तेव्हा तोच नियम धोक्याचा ठरतो.

ओळख पटवणे हा शब्द आपण सैलपणे वापरतो, म्हणून बिघाड शोधताना गोंधळ उडतो. प्रत्यक्षात कार्यालयीन प्रिंटरभोवती चार वेगवेगळ्या ओळखी असतात. पहिली यंत्राची: नेटवर्कच्या स्विचला किंवा वायफायला विचारायचे असते, हे जोडलेले यंत्र आपल्याच कार्यालयाचे आहे ना? दुसरी काम पाठवणाऱ्याची: या संगणकावर बसलेल्या माणसाला या प्रिंटरवर छापण्याचा अधिकार आहे का? तिसरी कागद उचलणाऱ्याची. रजिस्टर टपाल पोस्टमन दारात टाकून जात नसे, ज्याच्या नावाचे असे त्याची सही घेऊन हातात देई. तसे छपाईचे काम प्रिंटरमध्ये थांबवून ठेवता येते आणि संबंधित माणसाने पिन टाकल्यावर किंवा कार्ड दाखवल्यावरच कागद बाहेर येतो. चौथी ओळख सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे प्रिंटरने स्वतःची करून द्यायची. यंत्र स्कॅन केलेला कागद ईमेलने पाठवते किंवा संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवते, तेव्हा समोरच्या सर्व्हरसाठी तोच पाहुणा असतो आणि त्यालाच नाव व पासवर्ड द्यावा लागतो. ‘प्रिंटर चालत नाही’ या एका तक्रारीमागे या चारपैकी कोणती ओळख अडली आहे हे ठरवले की निम्मे काम झाले.

प्रत्येक ओळखीची मांडणी कार्यालयाच्या आकाराप्रमाणे बदलते. मोठ्या कार्यालयात यंत्राची ओळख ८०२.१एक्स या मानकाने पटवतात. स्विचचे पोर्ट आधी बंदच असते. प्रिंटर आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, रेडियस सर्व्हर ते तपासतो, आणि मगच ते पोर्ट उघडते. ज्या जुन्या प्रिंटरना हे जमत नाही त्यांना मॅक अॅड्रेसवरून आत घेतात, पण तो पत्ता प्रिंटरच्या सेटिंगच्या पानावर छापून मिळतो आणि दुसऱ्या यंत्राला सहज धारण करता येतो. म्हणून अशा प्रिंटरना नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणे शहाणपणाचे. काम पाठवणाऱ्याची ओळख विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर असलेल्या व्यवस्थेत, बहुधा केर्बेरॉस या पद्धतीने पटते. तिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून फिरत नाही. मध्यवर्ती सर्व्हर ठरावीक मुदतीचे तिकीट देतो आणि ते दाखवून सेवा मिळते. डोमेन नसलेल्या लहान कार्यालयात एक संगणक प्रिंटर शेअर करतो आणि त्या संगणकावरच्या खात्याचे नाव व पासवर्ड ही ओळख असते. पद्धत कोणतीही असो, तिच्या मुळाशी तीन गोष्टी लागतात: खरे नाव, बरोबर वेळ आणि चालू असलेले खाते. पुढे दिसेल की बहुतेक बिघाड या तिघांतल्या एकाशी जाऊन मिळतात.

आता मुख्य प्रश्न. काल चालणारा प्रिंटर आज अचानक ओळख का मागू लागतो? गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना पाहिल्या तर उत्तर सापडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पहिल्या पिढीतल्या, म्हणजे एसएमबी-वनमधल्या दोषावर स्वार होऊन. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून एसएमबी-वन आपोआप बसवणे बंद झाले, आणि फक्त तीच भाषा जाणणाऱ्या जुन्या कॉपियरचे फोल्डरमध्ये स्कॅन करणे थांबले. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या अॅपचा प्रवेश बंद केला, आणि कार्यालयाच्या जीमेल खात्यावरून स्कॅन पाठवणारी यंत्रे गप्प झाली. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीत फाइल शेअरिंगच्या जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीतही पासवर्डाविना पाहुणा म्हणून आत शिरण्याची वाट बंद झाली; पुन्हा काही स्कॅनर अडले. यांतला एकही बदल यंत्र बिघडल्याने झालेला नाही. प्रत्येक वेळी उघडे असलेले एक दार जाणून बंद केले गेले, आणि त्या दारातून ये-जा करणाऱ्या आपल्या यंत्राला थांबावे लागले. स्क्रीनवर दिसणारा एरर म्हणजे सुरक्षेची व्यवस्था जागी असल्याची खूण आहे, हे आधी मान्य केले की उपायाची दिशा बदलते.

२०२१ चे प्रकरण तर अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्याची झळ लहान कार्यालयांनाही लागली. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेत, प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेला दोष उघड झाला. ही सेवा संगणकावर सर्वोच्च अधिकाराने चालते. त्यामुळे साधे खाते हाती असलेला कुणीही ड्रायव्हर बसवण्याच्या निमित्ताने संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑगस्टपासून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला. छपाईच्या संवादातल्या आणखी एका दोषावरची दुरुस्ती जानेवारीतच आली होती. तिची सक्ती सप्टेंबरच्या अपडेटने सुरू झाली. आता दोन संगणकांमधला छपाईचा संवाद ओळख पटवून आणि सांकेतिक करूनच व्हायला हवा होता. अनेक ठिकाणी शेअर केलेला प्रिंटर शेवटी ‘११बी’ असलेला एरर दाखवू लागला. त्यावर दोन उपाय तोंडोतोंडी पसरले: ते अपडेट काढून टाका, किंवा रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून ही तपासणी बंद करा. दोन्हींनी कागद लगेच बाहेर आला. पण पहिल्या उपायाने त्या महिन्यातल्या इतर साऱ्या दुरुस्त्याही निघून गेल्या, आणि दुसऱ्याने जो दोष बुजवला होता तोच पुन्हा उघडा झाला. योग्य उपाय कमी चमत्कारिक होता: प्रिंटर शेअर करणारा आणि वापरणारा, दोन्ही संगणक अद्ययावत करणे, पुढे आलेली सुधारणा बसवणे, ड्रायव्हर अॅडमिनच्या खात्याने एकदा नीट घालणे. त्याला एक दुपार लागली असती. त्याऐवजी शून्य केलेला तो आकडा काही संगणकांवर आजही शून्यच असेल, कारण तात्पुरता म्हणून केलेला बदल परत फिरवायची आठवण ठेवणे कुणाच्याच कामात मोडत नाही.

मग शोध कसा घ्यायचा? पहिला प्रश्न व्याप्तीचा. एकाच माणसाचे अडले आहे की सगळ्यांचे? एका माणसाचे सर्वत्र अडले असेल तर त्याचे खाते किंवा पासवर्ड पाहायचा. सगळ्यांचे एकाच प्रिंटरवर अडले असेल तर दोष प्रिंटरकडे किंवा प्रिंट सर्व्हरकडे. दुसरा प्रश्न पत्त्याचा. कोकणात पावसाळ्यात वीज जाते-येते. राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला नवा आयपी अॅड्रेस देऊ शकतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. हा ओळखीचा दोष नसतो, तरी तसा भासतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवला की तो कायमचा मिटतो. तिसरा प्रश्न घड्याळाचा, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. केर्बेरॉसमध्ये सर्व्हर आणि यंत्र यांच्या वेळेत साधारणपणे पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. डिजिटल प्रमाणपत्रालाही सुरुवात आणि शेवट असतो. दीर्घकाळ वीज गेल्यावर जुन्या यंत्रातली बॅटरी दगा देते, घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि पासवर्ड बरोबर असूनही ओळख पटत नाही. प्रिंटरला नेटवर्कवरून वेळ घ्यायला सांगितले आणि टाइमझोन भारताचा ठेवला की हा त्रास संपतो. प्रमाणपत्राची मुदत मात्र माणसानेच लिहून ठेवायला हवी, कारण ती संपते तेव्हा सगळे प्रिंटर एकाच सकाळी बंद पडतात.

यानंतर खात्याकडे वळायचे. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत बदल्यांचा मोसम आला की स्कॅनिंग बंद पडण्याच्या तक्रारी येऊ शकतात, आणि त्याचे कारण साधे असते. मशीन बसवताना घाईत एखाद्या कर्मचाऱ्याचेच खाते त्यात भरलेले असते. तो बदलून जातो किंवा पासवर्ड बदलतो. मशीन जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा सादर करत राहते आणि शेवटी त्या माणसाचे खातेच कुलूपबंद होते. विंडोजमध्ये साठवून ठेवलेले जुने पासवर्डही हाच खेळ करतात. उपाय असा की मशीनसाठी स्वतंत्र खाते असावे, त्याला फक्त एका फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असावा, आणि तो पासवर्ड प्रभारी अधिकाऱ्याच्या ताब्यात लेखी राहावा. जीमेलवरून स्कॅन पाठवायचे असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून त्या मशीनपुरता वेगळा अॅप पासवर्ड काढता येतो. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: ओळख न पटणे वेगळे आणि ओळख पटूनही परवानगी नसणे वेगळे. पहिल्यात पासवर्ड, वेळ, नाव तपासायचे. दुसऱ्यात पासवर्ड शंभरदा बदलून उपयोग नाही, तिथे प्रिंटरच्या सुरक्षेच्या यादीत त्या माणसाचे नाव घालावे लागते. हा भेद स्क्रीनवरच्या त्रोटक वाक्यातून नेहमी कळत नाही, पण नोंदींतून कळतो. विंडोजमध्ये छपाईची सविस्तर नोंदवही मुळात बंद असते. ती एकदा चालू करून ठेवली तर अंदाजांची गरज उरत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की भाट्यासारख्या गावातल्या प्रिंटरवर कोण हल्ला करणार? हल्लेखोर गाव पाहून येतो, ही समजूत या आक्षेपामागे आहे. इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रे शोधणारी आज्ञावली पत्त्यांमागून पत्ते तपासत जाते. तिला न्यूयॉर्क आणि रत्नागिरी सारखेच. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरमधून ज्यूद्वेषी पत्रके आपोआप छापून आली, ती याच ९१०० पोर्टच्या वाटेने. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस एकाने याच वाटेने सुमारे ५० हजार प्रिंटर निवडून एका यूट्यूबरची जाहिरात छापायला पाठवली. त्यात चोरी झाली नाही, पण वाट किती रुंद आहे ते दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये सायबर हल्ल्याने गेले. त्याचा प्रिंटरशी संबंध नव्हता, पण महाराष्ट्रातली सहकारी बँक जगाच्या नजरेआड नाही हे त्यातून सिद्ध झाले. प्रिंटरशी थेट संबंध असलेले प्रकरण आपल्या शेजारचे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर लुटले गेले, तेव्हा व्यवहारांच्या पोचपावत्या छापणारा प्रिंटर हल्लेखोरांनी आधीच निकामी केला होता. कर्मचाऱ्यांनी तो नेहमीचा बिघाड समजला आणि मोलाचा वेळ गेला. प्रिंटरची तक्रार किरकोळ मानायची सवय किती महाग पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा आहे, आणि तो वजनदार आहे. दाखल्यासाठी लोक रांगेत उभे असताना रेडियस सर्व्हरच्या गोष्टी करून चालत नाही, आणि पाच माणसांच्या कार्यालयाला तो उभारायला सांगणेही योग्य नाही. पण ओळखीची व्यवस्था म्हणजे फक्त महागडी उपकरणे, असे समजण्याचे कारण नाही. प्रिंटरच्या अॅडमिन पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे, पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवणे, राउटरमधून प्रिंटरकडे बाहेरून येणारी वाट बंद ठेवणे, न वापरल्या जाणाऱ्या सेवा बंद करणे, फर्मवेअर अद्ययावत ठेवणे, गोपनीय कागदांसाठी ड्रायव्हरमधली पिनची सोय वापरणे, आणि मशीन परत करताना डिस्क पुसून घेणे: यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो. रांगेचा प्रश्न सोडवायला यूएसबीने एका संगणकाला जोडलेला साधा प्रिंटर पर्यायी म्हणून असावा. मुख्य यंत्र अडले तर लोकांचे काम त्यावर चालते आणि शांतपणे कारण शोधायला सवड मिळते. घाईत तपासणी बंद करण्याचा मोह बहुतेक वेळा दुसरा मार्ग हाताशी नसल्यानेच होतो.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसे घेतात: कडक नियम लावले की लोक पळवाटा काढतात, एकच पिन सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतो, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवला जातो. हे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कागदाला पिन मागणारी व्यवस्था मी सुचवत नाही. सूचना फलकावर लागणाऱ्या कागदाला ओळख कशाला? पण पगारपत्रक, आजारपणाचे दाखले, आधारच्या प्रती आणि प्रश्नपत्रिका ट्रेमध्ये बेवारस पडून राहणे ही वेगळी गोष्ट आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ साली आला. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही माझा मुद्दा दंडाच्या भीतीवर उभा नाही. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आपली माहिती कोणत्या यंत्रातून कुठे जाते हे कळायचा मार्ग नसतो. तो कार्यालयावर विसंबून कागद देतो. त्या विश्वासाला जागायचे तर ओळख कुठे विचारायची आणि कुठे नाही हे विचारपूर्वक ठरवायला हवे, आणि जिथे विचारायची तिथे ती सोपी ठेवायला हवी.

म्हणून माझी सूचना देखभालीच्या कराराबद्दल आहे, कारण व्यवहारात निर्णय तिथे होतात. आज बहुतेक ठिकाणी कागद बाहेर आला की सर्व्हिस इंजिनिअरच्या फॉर्मवर सही होते. त्या फॉर्मवर आणखी तीन ओळी हव्यात: कोणती ओळख अडली होती, कोणते सेटिंग बदलले, आणि काही तात्पुरते बंद केले असेल तर ते कोणत्या तारखेला परत चालू करणार. सही करण्यापूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात. अधिकार असलेल्या माणसाने काम पाठवावे आणि ते छापले जावे. मग अधिकार नसलेल्या खात्याने काम पाठवावे आणि त्याला नकार मिळावा. पहिली चाचणी आपण नेहमीच घेतो. दुसरी घेतल्याशिवाय प्रिंटर दुरुस्त झाला असे मानू नये.